दोनशे टक्क्यांचा सोमशेखर

कसबा बावड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाला सोमशेखरचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, त्याच्या बापानं म्हशी बांधायला काढलेली खोली. म्हशी गेल्या, कम्प्युटर आला, मोरी तेवढी तशीच राहिली. बाहेर बोर्ड लावलाय. सर्व प्रकारचे दाखले, सर्व प्रकारचे फॉर्म, सर्व प्रकारची ऑनलाईन कामे. आणि सगळ्यात खाली त्याचं स्वतःचं नाव, वरच्या सगळ्या अक्षरांच्या दुप्पट.

मोठ्या अक्षराची हौस त्याला पहिल्यापासनं. ती हौस नव्हती, दुसरंच काहीतरी होतं, ते मला कुरुंदवाडात कळलं. पण ते पुढं सांगते.

माणूस दिसायला बरा. वय एक्केचाळीस, सांगतो चौतीस. केस काळे कुळकुळीत, दर रविवारी करतो तेवढे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असे सरळ की पट्टी लावून ओढल्यासारखे. शर्ट इस्त्रीचा. आई आक्का अजून ताट वाढून पुढ्यात ठेवते, आणि हा बघतो, भाकरी कुठल्या बाजूनं तोडावी. लग्नाचं चाललंय, चाललंय म्हणता सोळा वर्षं झाली.

गावात त्याची ख्याती अशी की पोरगं फार नम्र. रस्त्यानं कोणीही येऊ दे, हा लांबनंच नमस्कार घालणार. मलापण तसंच वाटायचं. मग एकदा मी माझं इरकली लुगडं त्याच्या दुकानासमोरच्या तारेवर वाळत घातलं होतं, आणि मी उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत बसले होते. हा आला, लुगड्यापुढं थांबला, हात जोडले आणि म्हणाला, "काय आज्जी, जेवला काय?" लुगडं काही बोललं नाही. हा आपला समाधानानं पुढं गेला. त्या दिवशी मी ओळखलं, हे नम्र नाही, आंधळं आहे.

डोळ्याचा नंबर काही पाप नाही. माझाच चष्मा चाळीस वर्षांचा आहे. मी साड्यांना फॉल लावते, पिको करते, चष्मा नसता तर बोटं शिवून घेतली असती. पण सोमशेखर चष्मा लावत नाही. चष्मा लावला की वय दिसतं, आणि वय दिसलं की पोरगी नाही म्हणते, हे त्याच्या डोक्यात कुणीतरी घातलंय. बहुतेक त्याचं त्यानंच.

कुरुंदवाडला आम्ही त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मला नेलं आक्कानं, कारण मी साडी बघून घर ओळखते असा तिचा समज. मुलगी शांभवी, शाळेत मास्तरीण. पोहे झाले. सोमशेखरच्या मामानं जुनी रीत काढली. तिथला पेपर उचलला आणि म्हणाला, पोरी, जरा वाचून दाखव. मास्तरणीला वाचायला सांगतो, बघा. तिनं वाचलं, खणखणीत. मग पेपराची घडी घातली, सोमशेखरपुढं ठेवली आणि म्हणाली, "आता तुमी वाचा. आमच्या घरच्यास्नीबी ऐकू दे की."

त्यानं पेपर जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडं फिरवला. शेवटी म्हणाला, आमी पेपर मोबाईलवर वाचतो. ती म्हणाली, मग मोबाईलवरचं वाचा. त्यानं मोबाईल काढला. मी शेजारीच बसले होते. त्यावर अक्षर एवढं मोठं की एका वेळी दोन शब्द मावत होते. एक ओळ वाचायला त्यानं सहा वेळा बोट फिरवलं. शांभवी आत गेली ती परत बाहेर आली नाही. येताना जीपमध्ये हा म्हणाला, पोरगी आगाव हाय, मला न्हाय पसंत. आणि गावात तेच सांगितलं. मी गप्प बसले. म्हटलं, माझं काय जातंय.

माझं काय गेलं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता त्याच्या दुकानाचं सांगते. तिथल्या कम्प्युटरवरसुद्धा सगळं राक्षसाच्या मापाचं. पान उघडलं की एकेक अक्षर ज्वारीच्या भाकरीएवढं. गिऱ्हाईक बघत राहतं. आणि हा मान वळवून सांगतो, की ह्याला सेटिंग लागतं. कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबायचं, सेटिंगमध्ये जायचं, तिथं स्वरूप म्हणून असतं त्यात शिरायचं, आणि पान किती टक्के दाखवायचं ते एकदा ठरवून टाकायचं. यानं ठरवलेलं दोनशे. एकदा ठरवलं की जगातलं कुठलंही पान उघडा, ते याच्यापुढं दुप्पट होऊनच येणार. वर म्हणतो, बारीक अक्षरात चुका हुत्यात, मोठ्या शहरात आता समदीकडं असंच हाय. हे सांगताना त्याचा चेहरा असा, जणू पंचगंगेवर पूल त्यानंच बांधला.

लोकांना काय, खरं वाटायचं. कुरुंदवाडला जाईपर्यंत मलाही वाटलं. पुष्कळशी कामं व्हायची. एखादं अडायचं. अडलं की हा खुर्चीत मागं रेलायचा आणि म्हणायचा, सर्व्हर डाऊन हाय. हा सर्व्हर कोण, कुठं असतो, आम्हांला काही माहीत नाही. पण बावड्यात त्याला जेवढ्या शिव्या बसल्या असतील तेवढ्या कुणालाच बसल्या नसतील.

दोन वर्षांपूर्वी माझी नात सौंदर्या, तिचाही फॉर्म त्यानंच भरला होता. फार्मसीचा. मुदत संपली, यादी लागली, यादीत पोरीचं नाव नाही. विचारायला गेलो तर हा म्हणाला, आपल्याकडनं समदं गेलतं, तिकडनं सर्व्हरनं घोळ केला. पोरगी आठ दिवस जेवली नाही नीट. वर्ष घरात बसली. पुढच्या वर्षी शहरातल्या दुसऱ्या दुकानातनं फॉर्म भरला, आता मिरजेला शिकते. आम्ही सर्व्हरला शिव्या घालून विषय सोडला.

आता शाहिस्ताचं. आमच्या भिंतीला भिंत लावून चमनचं घर. गाद्या भरतो, कापूस पिंजतो. त्याची थोरली शाहिस्ता. पोरगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, तिला नर्सिंगला जायचं होतं. घरात असं ठरलेलं की यंदा नंबर लागला तर लागला, नाहीतर शिवणक्लास. तिच्या हातचा टाका मी बघितलाय. कोंबडी चिखलातनं गेल्यावर उठतो तसा. त्या पोरीला शिवणात घालणं म्हणजे तिच्यावरही अन्याय आणि कापडावरही.

नर्सिंगचा फॉर्म मोबाईलवर उघडत नव्हता, कम्प्युटरवरच भरा म्हणत होता. चमन म्हणाला, सोमशेखर घरचा माणूस हाय, त्याच्याकडंच जा. सोमवारी भरला. मंगळवारी मोबाईलवर निरोप आला, अर्ज अपूर्ण. परत भरला. परत निरोप, अपूर्ण. तीनदा झालं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती, आणि शुक्रवारी दुपारी साडेतीनला शाहिस्ता माझ्या दारात येऊन उभी राहिली. चमन गाद्यांच्या कामाला कळंब्याला गेलेला. पोरगी म्हणाली, "आज्जी, तुमी चला माझ्यासंगं. तुमच्याफुडं त्यो जरा नीट बोलतोय."

मी सुईत दोरा तसाच ठेवला आणि निघाले.

सोमशेखरनं आम्हांला बघितलं आणि उसासा टाकला. म्हणाला, आता तुमी आज्जीला आणलं म्हणून सर्व्हर सुधारणार हाय काय. मी म्हटलं, भर बाबा परत. तो भरायला लागला. नाव, गाव, जात, मार्क. एकेक रकाना पडद्यावर पाटाएवढा. मला बाकावर बसून दुसरं काम नव्हतं. मी बघत बसले.

आता माझ्या कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. साडी आली की मी पहिल्यांदा ती उलगडते आणि दोन्ही काठ बघते. गिऱ्हाईक घडीतला एकच काठ बघून आणतं. दुसऱ्या काठाला कधी उसवलेलं असतं, कधी डाग, कधी कुणी तेवढी पट्टी कापूनच घेतलेली असते. चाळीस वर्षांत माझी नजर अशी झालीय की जेवायच्या ताटाचेसुद्धा मी दोन्ही काठ बघते.

त्या पानाला डावीकडं निळा काठ होता. चांगला चार बोटं रुंद, आतनं बारीक पांढरी रेघ. वरती मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं, ते अर्ध्या शब्दात तुटलेलं. आणि उजवीकडं काही नाही. काठ नाही, रेघ नाही. कात्रीनं कापल्यासारखं.

मी म्हटलं, "सोमशेखर, ह्या पानाचा उजवा काठ कुठं गेला?"

तो हसला. म्हणाला, "आज्जी, ही काय साडी हाय व्हय? कम्प्युटरला काठ नसतोय."

"मग डाव्या अंगाला काय हाय?"

त्यानं ऐकलं नाही असं केलं. पण शाहिस्तानं ऐकलं. ती माझ्या बाकावरनं उठली, पडद्याजवळ गेली, आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं. मग त्याला हळूच विचारलं, दादा, झूम किती ठेवलाय. तो अभिमानानं म्हणाला, दोनशे, मी सेटिंगच करून ठेवलंय. पोरगी म्हणाली, जरा कमी करा की, पान बाजूला कापलं जातंय.

तिथं तो बिथरला. म्हणाला, सेटिंग हलवलं तर समदं बिघडंल, हितं हजार लोकांची कामं चालतात. पोरगी म्हणाली, मग खालची पट्टी सरकवा, पान उजवीकडं जाईल. तो म्हणाला, कसली पट्टी? तिनं बोट दाखवलं. पडद्याच्या तळाला करड्या रंगाची एक बारीक पट्टी होती. चष्म्यातनं मला दिसली. त्याला दिसली नाही. तो दुसरीकडंच माऊस फिरवत राहिला, आणि म्हणत राहिला, हितं काय न्हाय, हितं काय न्हाय.

मला तेव्हा सगळा उलगडा झाला. पानावरची अक्षरं यानं दुप्पट करून घेतली होती, पण पान सरकवायची पट्टी काही पानावर नसते. ती मोठी झाली नव्हती. ती आपली काडीएवढीच राहिली. जगात जे मोठं करता आलं ते यानं मोठं केलं, आणि जे झालं नाही ते नाहीच म्हणून मोकळा झाला.

घड्याळात सव्वाचार. शाहिस्ता म्हणाली, मला बसू दे खुर्चीवर. तो म्हणाला, माऊसला मी कुणाला हात लावू देत न्हाय. पोरीचे डोळे भरले. ती माझ्याकडं बघायला लागली, आणि मग मला राहवलं नाही.

मी उठले, त्याच्या खुर्चीजवळ गेले आणि आवाज न चढवता म्हटलं, "शांभवीनं पेपर फुडं ठेवला, तवा मी हुते की रं तिथं. ऊठ."

तो उठला. मोरीजवळ जाऊन उभा राहिला, जिथं पूर्वी म्हैस उभी असायची.

पोरगी बसली. तीन टिंबं, सेटिंग, स्वरूप, आणि दोनशेचे शंभर केले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ साड्या उलगडल्यात, पण असं कधी बघितलं नव्हतं. पान आक्रसलं आणि उजवीकडनं सगळं आत आलं. आधी वरचा तुटलेला शब्द पुरा झाला. मग एक अख्खी रांग आली, कुठलं कॉलेज पाहिजे त्याची, पाच रकाने, पाचही रिकामे, प्रत्येकाच्या डोक्यावर लाल चांदणी. आणि त्याच्याही पलीकडं निळा काठ, चार बोटं रुंद, पांढऱ्या रेघेसकट.

खाली बटणं दोन होती. डावीकडचं 'जतन करा'. उजवीकडचं 'अंतिम सादर करा'. सोमशेखर इतके दिवस डावीकडचं दाबत होता. म्हणजे फॉर्म लिहून फडताळात ठेवायचा आणि म्हणायचं, पोचला.

मी विचारलं, मग बाकीच्यांचे कसे गेले गं? शाहिस्ता रकाने भरता भरता म्हणाली, "नवी पानं शानी असत्यात, आज्जी. मोठी केली की आपसूक खाली सरकून मावत्यात. ही जुनी हायत, ताठच्या ताठ ऱ्हात्यात. बाजूला कापली जात्यात."

साडेचार. पाच कॉलेजं भरली. कागद जोडले. फोटो एकदा मोठा झाला, एकदा बारका, तिसऱ्यांदा बसला. पाचला बारा मिनिटं होती तेव्हा तिनं उजवीकडचं बटण दाबलं, आणि पडद्यावर एक गोल चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. चार मिनिटं झाली. मोरीजवळनं आवाज आला, "बघा. मी म्हनत हुतो न्हवं? सर्व्हर."

मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. पण खरं सांगते, आयुष्यभर खोटं बोललेला माणूस नेमका आज खरा ठरतो की काय, असं वाटलं. शाहिस्ता ओठ हलवत काहीतरी म्हणत होती, मी माझ्या परीनं म्हणत होते. पाचला सात मिनिटं असताना चाक थांबलं. पावती आली. पोरीच्या मोबाईलनंही टण् केलं. तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. चौथीपर्यंत शिकलेय, जुळवून वाचलं : अर्ज प्राप्त झाला.

ती रडली, मग हसली, मग पावती छापायला घेतली. छापून आलेला कागद मी हातात घेतला. वरती कोपऱ्यात चौकटीत लिहिलं होतं, 'अंतिम अर्ज'.

ते दोन शब्द मला खुपले. का खुपले ते घरी जाईपर्यंत कळलं नाही.

घरी आले आणि पेटी उघडली. जरीच्या तुकड्यांखाली मी कागद ठेवते. सौंदर्याचा दोन वर्षांपूर्वीचा फॉर्म काढला. सोमशेखरनंच छापून दिलेला, सांभाळून ठेवा आज्जी म्हणून. वरती कोपऱ्यात तसलीच चौकट. त्यात लिहिलेलं, 'कच्ची नोंद'.

दोन वर्षं तो कागद माझ्या पेटीत होता. मी तो वाचला नव्हता, कारण दुकानदारानं दिला म्हणजे बरोबरच असणार. तेव्हा शिव्या फक्त त्यालाच घालाव्यात असं काही नाही.

पण आणखी एक गोष्ट आहे, ती सांगणं जड जातं. ते वर्ष सौंदर्या घरात बसली तेव्हा माझ्या शेजारी बसून फॉल लावायला शिकली. सकाळी दोघी उजेडात बसायचो, ती एका काठाला, मी दुसऱ्या. मला शहाणी करायची, मोबाईल कसा धरायचा, फोटो कसा पाठवायचा. मी तिला तिच्या आजोबांच्या गोष्टी सांगायची. नवरा गेल्यावर तेवढं एक वर्ष माझं घर घरासारखं होतं. पोरीचं वर्ष गेलं आणि मला मिळालं, आणि मधे कोण, तर हा लुगड्याला नमस्कार घालणारा. याचे उपकार मानायचे का याच्या कानाखाली वाजवायची, मी विचार करत बसले. वाजवायचं जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेले. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. कागद त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "वाच."

त्यानं कागद जवळ धरला. लांब धरला. कागदाला तीन टिंबं नसतात, टक्के नसतात. तो माझ्याकडं बघायला लागला. मी हलले नाही.

मग त्यानं टेबलाचा खण उघडला, आत पार तळाशी हात घातला, आणि चष्म्याचं डबडं काढलं. नवं कोरं. आतला कपडा घडीसकट होता. म्हणजे नंबर काढून, काच घालून, डबडं खणात ठेवून हा माणूस वर्षानुवर्षं त्याच खणावर कोपर टेकून लोकांचे फॉर्म भरत होता. त्यानं चष्मा लावला. डबडं काही बंद झालं नाही, उघडंच राहिलं.

"कच्ची नोंद," त्यानं वाचलं. मग खाली नाव वाचलं. सौंदर्या.

शेवटी म्हणाला, "आज्जी, आनि किती जनांचं असं झालं असंल?"

मी म्हटलं, "मला काय इचारतोस? तुजं तू बघ. आता दिसतंय न्हवं तुला?"

आणि निघाले. पायरी उतरताना मागनं त्यानं हाक मारली. मला वाटलं माफी मागतोय. तर विचारतो कसा, चष्म्यात लई म्हातारा दिसतो काय? मी म्हटलं, दिसतोस तेवढाच हायस.

शाहिस्ताचा नंबर लागला. यादीत तिसऱ्या पानावर. चमननं मला कापसाची नवी गादी भरून दिली, नको नको म्हटलं तरी. पोरगी जायच्या आदल्या दिवशी आली आणि माझ्या मोबाईलचं अक्षर मोठं करून देऊ का म्हणाली. मी हात जोडले.

सोमशेखरच्या कम्प्युटरवर आता शंभर टक्के आहे. आठवडाभर त्यानं जुने फॉर्म उपसले, दोघा-तिघांच्या घरी जाऊन आला असं आक्का सांगते. तिथं काय बोलला देव जाणे. बोर्डावर मात्र नवी ओळ वाढवलीय : येथे पान पूर्ण बघून फॉर्म भरले जातील. जशी काही ही त्याची नवी सोय आहे आणि आधी ती गावाला परवडत नव्हती.

चष्मा लावतो. पण दारात एखादी तरणी बाई दिसली की झटकन काढतो, खणात टाकतो, आणि रकाना चुकवतो. मी गेले तर काढत नाही. परवा गेले तर चष्म्यातनं माझ्याकडं नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, आज्जी, तुमी एवढ्या काळ्या हाय हे मला म्हाईतच नव्हतं.

मी म्हटलं, लुगड्याला बघायची सवय तुला.